हळदीचा फोल्डर

नाय नाय दादा, नुसतं डिलीट नको. तुमीच बोललात ना आता — डिलीट केलेलं कोनपन सॉफ्टवेअर टाकून परत काढतो? मग? त्याच्यावर दुसरं कायतरी भरून पुसतात ना, तसं करा. लॅपटॉप झाला? चांगलं. आता हा पेनड्राइव्ह, हा पन तसाच, घासून. संध्याकाळी खारघरवरून मानूस येनार लॅपटॉप न्यायला, विकलाय रूपेशनं — रूपेश म्हंजे माझा नवरा. मीच बोलले, दे, मी नेरूळला जातेय, दुकानातून साफ करून आनते. पेनड्राइव्ह पन आनलाय ते त्याला माहीत नाय. सांगायचं कशाला?

आत काय हाय ते बघू नका हा. मी पन नाय बघितलं. एवढ्या वर्षांचा लॅपटॉप, पन ह्यानं ह्या पेनड्राइव्हवर काढून काय ठेवलं? एकच फोल्डर. 'हळद'. बाकी सगळं गेलं तरी चालेल, बोलला, हा तेवढा पायजे. कोनाची हळद? मला काय कळत नाय? उन्नतीची, दुसऱ्या कोनाची! ह्याच्याच आळीतली. अख्खं गाव बोलायचं, रूपेश तिच्याशीच लग्न करनार. तिच्या हळदीला हा बँजोपुढं असा नाचला — पार उजाडेपर्यंत — सासू अजून कौतुकानं सांगते मला, भाकऱ्या थापताना. मी ऐकते नि थापते. जळते? हो, जळते! कशाला लपवू? जत्रेला ती म्हायेरी येते ना, तेव्हा हा शर्टाला इस्त्री करतो. एरवी करतो? नाव नको.

आनि माझी हळद? आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी, तुमाला तर माहीत हाय. पन माझा एक फोटो नाय. सगळे माझ्या भावाच्या, तेजसच्या फोनमधे, आनि तो फोन पडला होडीतून खाडीत. माझं पान्यात गेलं, तिचं ह्यानं जपून ठेवलं — मग मी काय आरती ओवाळू? उघडून बघायला पायजे होतं? कशाला, तिचं पिवळं तोंड बघायला? चालू केलं ना तुमी? झालं पन? सगळं? हां, आता बरं वाटलं. शोध म्हनावं आता.

काय झालं दादा? असं काय बघताय? लावताना पयला फोटो दिसला तुमाला — बरं, मग? पिवळी साडी तर सगळ्याच नेसतात. हनुवटीवर? ही निशानी? ही लहानपनी खडकावरची कालवं फोडताना शिंपल्यानं लागलेली, तिला कुठनं असेल — तिची हनुवटी तर साफ हाय. तुमी नीट बघितलं? हीच? नक्की हीच?

तेजसनं... फोन पडायच्या आधी ह्याला पाठवले असतील. बोलला कसा नाय कधी? मी विचारलंच नाय. मी फक्त भांडले.

नाय, पानी नको. तुमी त्या ताईंचा मोबाइल बघा, कधीच्या उभ्या हायत. बघा ना तिकडं. माझ्याकडं नका बघू.