पाव वळसा

(एकट्या राहणाऱ्या सासऱ्यांच्या घरातलं टेबल. पुठ्ठ्याच्या खोक्याला पाडलेल्या दोन खाचांवर गळाची नवी काठी आडवी ठेवलेली आहे; तिच्यावर दोरी ओवायच्या कड्या रेशमानं बांधून वर लेप दिला आहे. दुपारचे चार वाजून गेले आहेत.)

सून — बाबा, अहो हे काय झालं? मी जेमतेम पाऊण तास माझ्या शिवणाच्या दुकानात जाऊन आले.

सासरे — काय झालं?

सून — थेंब लोंबतायत सगळे! प्रत्येक कडीखाली एकेक. वरून कोरडं आणि खाली गोळे. काठी फिरवलीच नाहीत तुम्ही?

सासरे — डोळा लागला.

सून — दर तीन मिनिटांनी पाव वळसा, एवढंच तर काम होतं. तुम्हीच मला दहा वेळा बजावलंत, लेप ओला आहे तोवर काठी थांबता कामा नये, थांबली की सगळा लेप एका बाजूला उतरतो.

सासरे — बजावणारा माणूसही म्हातारा असतो. डोळा लागला म्हटलं ना.

सून — भिंग डोळ्याला लावून?

सासरे — काढायचं राहिलं.

सून — आठ कड्या, बाबा. एकेका कडीच्या पायाला रेशमाचे चाळीस वळसे, वळशाला वळसा टेकवून. गिऱ्हाइकांचे कोट बाजूला सारून बांधल्यात मी. आता सगळा लेप खरवडायचा.

सासरे — निघतो. केस वाळवायच्या ड्रायरचा झोत दे, मऊ झाला की पातं आडवं धर. नळीला ओरखडा नको. कार्बनची नळी ओरखड्यातूनच मोडते.

सून — मग तुम्हीच धरा पातं. चाळीस वर्षं घड्याळं उघडलीत. तुमच्या हाताची सर मला कुठली?

सासरे — तूच धर. सावकाश कर, घाई नाही.

सून — घाई नाही कशी? पाचला तुमचा लेक येणार काठी बघायला. परवा रविवारी तुम्ही दोघं तळ्यावर... थांबा. हे काय चिकटलंय इथे?

सासरे — धूळ.

सून — ही धूळ? जन्म शिवणकामात गेलाय माझा. लोकर आहे ही, करडी. तुमच्या स्वेटरची. इथेही आहे. आणि इथे, मुठीजवळ.

सासरे — चहा टाकतेस का?

सून — झोपला नव्हतात तुम्ही. बाहीनं काठी ढकलत होतात.

सासरे — लेप वाळतोय. आधी ते बघ.

सून — वाळू दे. बोटांनी का नाही फिरवलीत?

सासरे — बाहीनंही फिरते.

सून — मी किती बावळट! पहिल्या आठवड्यात म्हणालात मूठ आखूड कर. मग मुठीचं बूच घासून पातळ कर. मग रीळ लहान घे. मग नववी कडी कशाला, काढून टाक. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन! जुनी काठी चारशे दहा ग्रॅम होती, ही एकशे चारवर आली तरी तुमचं आपलं ‘अजून थोडं’. मला वाटलं, घड्याळजी माणूस, ग्रॅमचं वेड असायचंच. ही पेन्सिल धरा जरा.

सासरे — मी काय बालवाडीत आहे?

सून — धरा म्हणते ना.

सासरे — घे.

सून — पडली.

सासरे — दिसली मला. डोळे चांगले आहेत माझे.

सून — कधीपासून?

सासरे — दुकान बंद केलं त्याच्या आधी दोन महिने. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरायचो आणि तो जमिनीवर. एकदा, दोनदा. मग गुडघ्यांवर बसून शोधायचो. एका बाईनं काउंटरवरून वाकून विचारलं, काका, काही हरवलं का?

सून — आम्हाला म्हणालात, हल्ली घड्याळं दुरुस्त करून घेतंय कोण.

सासरे — तेही खरंच आहे. सोयीचं खरं होतं.

सून — डॉक्टरकडे गेला होतात?

सासरे — एकटा गेलो होतो. हातात सुया टोचून बघितल्या. म्हणाला, स्नायू वाळतायत, गेलेली ताकद परत येणार नाही, आणि डावाही त्याच वाटेवर आहे. किती दिवसांत, विचारलं, तर म्हणे तसं सांगता येत नाही. मी जन्मभर गिऱ्हाइकाला ‘मंगळवारी घेऊन जा’ म्हणत आलो, आणि याला साधा महिना सांगता येईना.

सून — बाबा...

सासरे — रडू नकोस. डोळे पुसायला जाशील आणि लेपाचा हात डोळ्याला लागेल.

सून — मग तळ्यावर काय करणार होतात?

सासरे — शंभर ग्रॅमची काठी दोन तळहातांत धरता येते. मी घरी करून पाहिलंय, झाडूच्या दांड्यावर. मासा लागलाच तर म्हटलं असतं, तू ओढ रे, तुझी हौस होऊ दे. दोन तास निभावले असते.

सून — आणि मला यात का ओढलंत? मी समजत होते, आपण दोघं हौसेनं काठी करतोय. तीन आठवडे मी तुमच्यावर पांघरूण घालत होते, आणि मलाच ते ठाऊक नाही! तो रोज जेवताना विचारतो, बाबा कसे आहेत. मी म्हणते, ठणठणीत.

सासरे — तसंच म्हणत राहा.

सून — नाही म्हणणार. माझा राग आलाय मला, तुमचाही आलाय. आज पाचला मी त्याला सगळं सांगणार.

सासरे — सांगायचं नाही. तुझ्या पाया पडतो.

सून — काहीतरीच काय बोलता! मुलगा आहे तो तुमचा.

सासरे — म्हणूनच. त्याच्या आईच्या शेवटच्या वर्षी पाहिलंय मी त्याला. भरवायचा, केस विंचरायचा, कशात म्हणून कमी केलं नाही. पण आधी तो तिच्याशी कडाकडा भांडायचा, दर दोन दिवसांनी, मिठावरून, दिव्यांवरून. ते बंद झालं. ती मला म्हणायची, अहो, माझ्याशी आता कुणी भांडतसुद्धा नाही. उद्या तो माझी बटणं लावायला लागला की मी त्याचा बाप उरत नाही. मग मी त्याचं एक काम होतो.

सून — बटणं... म्हणून इतक्या उकाड्यात स्वेटर?

सासरे — डोक्यातून घालता येतो. आत शर्ट आहे.

सून — उघडा?

सासरे — सताड.

सून — आणि त्याचं घड्याळ?

सासरे — कुठलं घड्याळ?

सून — लग्नात तुम्ही दिलेलं. अडीच महिने झाले तुमच्याकडे देऊन.

सासरे — पार्ट यायचाय त्याचा.

सून — कुठला पार्ट?

सासरे — आतलं एक चाक. तुला काय कळणार त्यातलं?

सून — उघडून बघितलंत तुम्ही?

सासरे — उघडल्याशिवाय का कळतं?

सून — बाबा, ड्रॉवरमध्ये पाकीट आहे, ते अजून चिकटवलेलंच आहे. परवा सुई शोधताना मी पाहिलं.

सासरे — उघडून काय करू? मागचं झाकण काढायलासुद्धा चिमटीत जोर लागतो. बिघाड दिसला असता आणि हात चालला नसता, ते बघायचं नव्हतं मला. झालं समाधान?

सून — त्यात बिघाड नव्हताच.

सासरे — म्हणजे?

सून — तुम्ही दुकान बंद करून भिंतीकडे तोंड करून बसलात ना, तेव्हा तो म्हणाला, बाबांना काहीतरी उद्योग दिला पाहिजे. घड्याळाची चावी ओढली, काटे थांबले, तसंच पाकिटात घातलं. मला म्हणाला, बघ, दोन मिनिटांत फोन येतो की नाही. म्हणतील, गाढवा, चावी बाहेर आहे! संध्याकाळभर फोन पुढ्यात घेऊन हसत बसला होता.

सासरे — आणि मी फोन केला.

सून — पार्ट मागवावा लागेल, म्हणालात.

सासरे — चाकाचा नंबरसुद्धा सांगितला मी त्याला.

सून — त्यानं फोन ठेवला आणि आत जाऊन नळ सोडून बसला, बराच वेळ. मला म्हणाला, खरंच बिघडलंय म्हणे. मी विश्वास ठेवला. मला वाटलं, पोट बिघडलं असेल याचं. आज कळतंय तो नळ कशाला सोडला होता.

सासरे — थांब. ही हलकी काठी करायची, हे डोक्यात घातलं कुणी माझ्या?

सून — त्यानं. ‘बाबांची जुनी काठी फार जड आहे, तुम्ही दोघं एखादी हलकी करा.’

सासरे — तळ्याचंही त्यानंच काढलं.

सून — त्यानंच.

सासरे — म्हणजे त्याला अडीच महिने माहीत आहे. आणि गप्प आहे.

सून — तुम्ही सांगाल म्हणून वाट बघतोय. रोज जेवताना मला विचारतो, तेव्हा माझ्या तोंडाकडे बघत असतो. मला वाटायचं, मीठ कमी पडलंय.

सासरे — ते पाकीट आण. फाड तूच.

सून — हे घ्या. दाबू चावी?

सासरे — नको. इकडे ठेव, चावी टेबलाच्या कडेला टेकवून, मी तळहातानं दाबतो. तू फक्त सरकू देऊ नकोस.

सून — बसली?

सासरे — अजून नाही. हं. बसली. चाललं.

सून — मला काही ऐकू येत नाही.

सासरे — मला येतंय. आवाज स्वच्छ आहे. नीट ठेवलंय त्यानं.

सून — वेळ चुकीची आहे पण. लावू?

सासरे — त्याची तो लावेल. जिन्यावर कोण आहे?

सून — तोच. दोन-दोन पायऱ्या चढतोय. बाबा, काय सांगायचं त्याला? सांगा पटकन.

सासरे — तू काही सांगायचं नाहीस, तू लेप खरवड. त्याआधी हा स्वेटर काढ माझा. वरून ओढ. हळू, कानाला लागतंय.

सून — शर्ट सगळा उघडा आहे हो. थांबा, लावते मी भराभर.

सासरे — राहू दे. दार उघड जा. आधी त्याला गाढव म्हणायचंय. बटणं मग तो लावेल.