शून्य नंबरची रॅक

गुणाबाई : हिम्स? ही कोन हिम्स?

ऋतिका : तूच ती, आत्या. मी इंग्रजीत 'गुणा' टाइप केलं, स्क्रीनवर 'हिम्स' आलं.

गुणाबाई : अगो, इंजिनिअरिंगला गेलीस ती माझं नवं बारसं करायला?

ऋतिका : हसू नको ना! दोन वाजता कॉलेजात दाखवायचंय. सर म्हणाले होते, "कर्नल लिहिणं तुला झेपायचं नाही, साधी वेबसाइट कर." आज हे चाललं नाही तर त्यांचंच खरं होईल.

गुणाबाई : कर्नल? मिलिटरीतला?

ऋतिका : तो नाही गं. हा कम्प्युटरचा मुकादम. सगळ्यांना कामं वाटून देतो.

गुणाबाई : आनि मुकादमाला एबीसीडी येत न्हाय?

ऋतिका : नाहीच येत. बटण दाबलं की कीबोर्ड त्याला नुसता नंबर पाठवतो. चौतीस, बावीस, असा. कुठल्या नंबराला कुठलं अक्षर, ती यादी मी द्यायची.

गुणाबाई : मंग हे आमचं दापोड्याचं गोडाऊनच झालं की! मला कुठं कोन सांगतंय साडी का चप्पल? 'चौतीस नंबर रॅक' म्हंतात, मी यादी बघते.

ऋतिका : हो, पण माझी यादी दहादा तपासली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही.

गुणाबाई : बटनांवर बघ. 'जी'च्या उजव्या हाताला काय हाय?

ऋतिका : एच.

गुणाबाई : यूच्या?

ऋतिका : आय... आत्या! 'एन'शेजारी एम, 'ए'शेजारी एस!

गुणाबाई : म्हंजे दार वाजवतो एकीचं, उघडते शेजारीन. एक रॅक सरकलीय तुझी. मोजलंस कुठून?

ऋतिका : एकपासून. शून्य हा नंबर कुठल्याच बटणाला नसतो, मग रिकामी ओळ कशाला लिहायची?

गुणाबाई : आमची दाराजवळची शून्य नंबरची रॅक कायम रिकामीच. वॉचमन डबा ठेवतो तिच्यावर. पन यादीत पयली ओळ तिचीच. मागं आमच्या गोडाऊनातल्या रीमानं ती गाळली, तर शेलारच्या लग्नघरी साड्यांच्या जागी बादल्या गेल्या.

ऋतिका : अगं खरंच, कर्नल शून्यापासूनच मोजतो! थांब, वरती एक रिकामी जागा घालते... हं. आता तू दाब.

गुणाबाई : मी? मोडंल बिडंल!

ऋतिका : काही मोडत नाही. दाब.

गुणाबाई : जी... यू... एन... ए.

(गुणाबाई स्क्रीनकडे वाकते.)

ऋतिका : वाच की!

गुणाबाई : गुणाच हाय गो! सतरा वर्सं खोक्यांवर लोकांची नावं वाचतेय. माझं आज पयल्यांदा वाचलं.

ऋतिका : आत्या, आता सर काय बोलतात बघूच! चल, हे पुसते आणि निघते... अरे देवा. पुसायच्या बटणानं काय करायचं ते लिहायलाच विसरले. बंद करून परत चालू करावं लागेल.

गुणाबाई : रिक्षा कवा येतेय तुझी?

ऋतिका : दहा मिनिटांत.

गुणाबाई : मंग दहा मिन्टं ऱ्हाऊ दे तसंच.