बिनपरवान्याचा पहारा

(नागभीड. गुणाबाईंच्या घरातली बैठक. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकलेला.)

गुणाबाई : …अन् मंग कॅमेरा बोलला. "गुणाबाई, आज बी एकटीच का?"

दिव्यानी : किती वाजता?

गुणाबाई : सकाळी नऊले. मी तांदूळ निवडत होती. दिव्यानी मॅडम, तुमी कॉलेजात सायन्स शिकवता. भूत हाय म्हणलं तर हासान.

दिव्यानी : हसणार नाही. तुमच्या मुलाचा आवाज होता?

गुणाबाई : प्रफुलले फोन केला. तो म्हणे, मी नाई बोललो. तवापासून पाठ फिरवाची हिंमत नाई होत. म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकला.

दिव्यानी : निकेश, कॅमेरा तू बसवलास. परवाना?

निकेश : हाय ना मॅडम, दुकानाचा. फ्रेम करून लटकवला.

दिव्यानी : तो शटर उघडण्यापुरता. लोकांच्या घरांवर पहारा ठेवण्याचा कोणता?

निकेश : कोणी मांगितलाच नाई आजवर.

दिव्यानी : पासवर्ड कोणाकडे आहे?

निकेश : माह्याकडं. म्हाताऱ्या लोकायपाशी ईमेल कुठी असते? बावीस घरं माह्याच खात्यावर जोडली. लोक वडशाले नाटक पाहाले जातात तवा सांगून जातात, "निकेश, ध्यान ठेवजो." मी मोबाइलवर पाहून राह्यतो, तिथूनच कॅमेऱ्यातून बोलता बी येते.

दिव्यानी : ते खातं सध्या कुठे कुठे उघडं आहे?

निकेश : ॲप दोन मोबाइल दाखवून राह्यला. एक हा. दुसरा… थांबा. दुसरा माहा जुना. दिवाळीत विकला.

दिव्यानी : कोणाला?

निकेश : बाजारात. नाव नाई इचारलं.

दिव्यानी : त्यातलं सगळं पुसलं होतंस?

निकेश : फोटो पुसले.

गुणाबाई : पण त्याले माहं नाव कसं मालूम?

निकेश : काकू, हरेक कॅमेऱ्याले नाव द्या लागते. ध्यानात राहावं म्हणून मी बाजूले लिवून ठेवतो.

दिव्यानी : वाच.

निकेश : "वारलूभाऊ, नाटकाच्या दिवशी घर खाली." "हेमराज, मागचं दार ढिलं." "गुणाबाई, एकटी."

गुणाबाई : अरे मुडद्या!

दिव्यानी : पासवर्ड बदल. आत्ता, माझ्यासमोर. मग आपण तिघं पोलीस ठाण्यात जाऊ.

गुणाबाई : तिथी काय सांगाचं, मॅडम? कॅमेरा बोलला म्हणून?

दिव्यानी : नाही. लिहून देऊ : निकेशने बावीस घरांचे कॅमेरे स्वतःच्या एका खात्यावर जोडले आणि ते खातं बंद न करता मोबाइल विकला. तो विकत घेणारा माणूस दिवाळीपासून ही घरं बघतो आहे.