फांदी घ्या आणि गप्प बसा

…नाही पण मला एक सांगा, आभार मानणं हा काय गुन्हा आहे का? इथे स्वीडनमध्ये आपण बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार मानतो, पाव घेतला की पाववालीचे, तिनं पिशवी दिली की पुन्हा तिचेच, आणि मागच्या आठवड्यात कुणी कॉफी पाजली असेल तर या आठवड्यात दिसल्या दिसल्या त्या मागच्या कॉफीचे आभार! जन्मभर हेच केलं हो! आणि एकोणसाठाव्या वर्षी, एका फांदीपायी, गुनवोरबाई माझ्यावर अशा किंचाळल्या की तिसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला!

सुरुवात झाली खिडकीपासून. घटस्फोट झाला, घर बायकोकडे गेलं, झाडंही तिच्याकडे, आणि मी इथे नॉरशॉपिंगला दोन खोल्यांत. तीन खिडक्या, तिन्ही रिकाम्या. मला काय, उजेड येतोय, झालं! तर खालच्या मजल्यावरच्या गुनवोरबाई, वय एक्क्याऐंशी, काठी टेकत वर आल्या. "काय रे स्टेलन, जिवंत आहेस ना?" म्हटलं, "आहे की." "मग खिडकीत एक कुंडी नाही? खालून बघवत नाही! ब्योर्ये सांगत फिरतोय, तू जागा विकायला काढलीस." ब्योर्ये म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. त्याला सगळं आधी कळतं, आणि सगळं चुकीचं कळतं.

मग बाईंनी पिशवीतून दह्याचा डबा काढला. त्यात मातीत खोचलेली जिरेनियमची फांदी. "माझ्या आईच्या झाडाची आहे. ती गेली, झाड राहिलं. आमच्या पोरांना नकोय. तू लाव." तुम्हाला सांगतो, नव्या घरात मला कुणी दिलेली ती पहिली वस्तू! मी म्हणालो, "खूप खूप आभार."

झालं! "मारलंस!" बाई ओरडल्या. "फांदीचे आभार मानतात? मेली ती आता! तुझ्या आईनं काही शिकवलं की नाही तुला?" आणि तरातरा जिना उतरल्या… काठी न टेकता! मी दारात डबा धरून उभा. आणि खरंच हो, आठ दिवसांत फांदी काळी ठिक्कर! आता मी घाबरून दिवसातून तीनदा पाणी घालत होतो, मुळं कुजली असतील, पण ते कोण ऐकतंय? दोष सगळा आभारांचा. अहो, आभार मानणं हा काय गुन्हा आहे का?

बाईंनी दुसरी फांदी दिली. मी ओठ गच्च मिटून मान हलवली. पाणी आठवड्यातून एकदा, बोट मातीत खुपसून बघून. दोन पानं फुटली! मी त्या पानांना 'गुड मॉर्निंग' म्हणायला लागलो, आता हसा. आणि गुरुवारी तळघरात, कपडे धुवायच्या खोलीत, समोर बाई. सवय हो! जिभेला हाड नाही! "मागच्या वेळचे आभार," मी म्हणून मोकळा! बाईंच्या हातातले टॉवेल खाली पडले. रविवारी पानंही पडली.

"आता एकच उपाय," बाई म्हणाल्या, "चोरी. चोर काही आभार मानत नाही." मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेला माणूस! चोरी? पण ठरलं. दुपारी तीनला दार उघडं ठेवणार, बाई आत कॉफी करणार. मी गेलो आणि चोरी करायला जाताना दारात बूट काढून, नीट जोडीनं लावून ठेवले! आतून आवाज, "कोण आहे?" मी म्हटलं, "कुणी नाही!" "बरं! खालची घे, जाड आहे ती! कात्री टेबलावर ठेवलीय!"

आणि लागली हो! मे महिन्यात फूल आलं, लालभडक.

मग हिवाळ्यात बाई घसरल्या. खुब्याचं हाड. सहा आठवडे दवाखान्यात, आणि किल्ली ब्योर्येकडे. त्यानं मनापासून रोज बादलीभर पाणी घातलं. आईचं झाड गेलं. मुळापासून गेलं. बाई परत आल्या, वर आल्या, आणि माझ्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. इतकी वर्षं सांभाळलेलं झाड, आणि आता जगात उरलं होतं ते माझ्या खिडकीत! मी सगळ्यात चांगली फांदी कापली, दह्याच्या डब्यात खोचली, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती छातीशी धरली. हनुवटी थरथरायला लागली. "स्टेलन," बाई म्हणाल्या, "तुझे आ—"

धाडकन दार लावलं मी! तोंडावर!

मग दारातली टपालाची फट उघडली आणि आवाज आला, "शहाणा झालास हो." आणि नाक ओढल्याचा आवाज.

पण जिन्यात ब्योर्ये होता ना! त्याला ऐकू आले अर्धे आभार, आणि दिसलं फक्त दार. आता अख्खी सोसायटी म्हणते, म्हातारीच्या तोंडावर दार आपटणारा तो हाच. नोटिशीच्या फळ्यावर कागद लागलाय, 'शेजाऱ्यांचे आभार नीट ऐकून घ्यावेत.' म्हणजे मानले तरी गुन्हा, न ऐकले तरी गुन्हा!

सांगून टाकू का सगळं? कसं सांगणार… त्याच्या हातून मेलेलं झाड वाचवलं म्हणून ब्योर्येच माझे आभार मानून बसेल! बाईंच्या खिडकीत कालच दोन पानं फुटलीयत. असू दे, उर्मट तर उर्मट.