पट्टीवरचं कुंकू

न्हाई, प्लेट माघारी आणली ते बरंच केलं संतरामभाऊ, पण अशी माझ्यापुढं आपटू नका — चार भोकं अन् चौथं सूतभर बाजूला, दिसतंय मला, आंधळा न्हाई मी. थू! किळस आली बघा मला ह्या मशीनची. घरी बनवली म्हणून मिरवत होतो — हट्ट्यापासून शिरड शहापूरपर्यंत हाये का कोणाकडं कॉम्प्युटरवर चालणारी, लोखंड कोरायची मिलिंग मशीन? न्हाई! बनवली कोणी? मी — म्हणजे लोखंड माझं, डोकं माझ्या भागीदाराचं, फुलसिंगचं. ती पट्टी बघा, जुन्या प्रिंटरातली, तिच्यावर केसावानी बारीक रेघा. टेबल सरकलं की तो सेन्सर रेघा मोजते अन् कॉम्प्युटरला सांगते, इतकं सरकलं. त्यालाच एन्कोडर म्हणतेत. सहा महिने डोळे फोडून बसवलं फुलसिंगनं.

अन् दसऱ्यापासून रिडींग चुकायला लागलं, रोज त्याच जागी. मी काय केलं? चार गिऱ्हाइकांदेखत त्याची गचांडी धरली — तुला मोजता येत न्हाई, म्हणलं, तांड्यावर जाऊन शेळ्या राख. गेला बिचारा. — काहून चुकत होतं? जाऊ द्या ना... बरं, ऐका. परवा सापडलं. कुंकू! खंडेनवमीला पूजा मीच केली, सगळ्या मशिनींला बोटं ओढली तशी त्या पट्टीलाबी ओढली, मोठ्या भक्तीनं. रेघाच झाकल्या, सेन्सर मोजल काय, कप्पाळ? स्पिरिटनं पुसलं, रिडींग बराबर. तुमची प्लेट त्याच्या आधीची. माझीच घाण वाटून राहिली मला.

सांगतो ना त्याला, सांगतो, आज न्हाई तर — तुमी कोणाला फोन लावून राहिले? त्याचा नंबर हाये तुमच्याकडं? ठेवा! आवो, नका — हॅलो... फुलसिंग? व्हय, मीच, सोमेश्वर. मशीन? चालू हाये, बराबर चालते. काय झालतं म्हणजे... ते... तूच सेन्सर वाकडा बसवलता. मी केला सरळ. — आरं, माफी काहून मागून राहिला?... बास, बास. ठेव आता.

हा घ्या तुमचा फोन. असं काय बघता माझ्याकडं? प्लेट नवी करून देतो, उद्या या. — निघा म्हणलं ना!