अठरावी नोंद

पुतणी : हे अक्षर तुमचंच आहे की नाही, एवढंच सांगा.

काका : चष्मा आत राहिला वाटतं माझा.

पुतणी : कपाळावर आहे, काका.

काका : वय झालं की वस्तूसुद्धा डोक्यावर बसतात. आण इकडे.

पुतणी : समितीच्या जुन्या कपाटातून काढलंय. आपल्या संगणक-भाषेच्या दुसऱ्या मानकाचं, म्हणजे नियमांच्या पुस्तकाचं, शेवटचं प्रूफ. हे मागचं परिशिष्ट, पहिल्या मानकापासून भाषेत काय काय बदललं त्याची यादी. छापलेल्या पुस्तकात सतरा नोंदी आहेत. इथे अठरा. आणि अठरावीवर हिरव्या शाईची आडवी रेघ.

काका : हिरवी शाई सचिवाची. बाकीच्यांनी निळी वापरायची. मीच ठरवलं होतं तसं.

पुतणी : म्हणजे तुम्हीच खोडली.

काका : शेजारी सही दिसतेय, मग विचारतेस कशाला? तू समितीवर गेलीस तेव्हाच तुला म्हटलं होतं, तिथला चहा पिऊ नकोस आणि जुनी कपाटं उघडू नकोस.

पुतणी : चहाचं म्हणाला होतात. कपाटांचं नाही.

काका : मनात म्हटलं असेन.

पुतणी : वाचते. "लूपची वरची मर्यादा सुरुवातीच्या आकड्यापेक्षा कमी असल्यास पूर्वी बहुतेक यंत्रांवर आतलं काम एकदा तरी होत असे. यापुढे ते एकदाही होणार नाही." दोन ओळी. त्या का गेल्या?

काका : त्यासाठी पहिल्या मानकापासून सुरू करावं लागेल. मशीन बनवणारे सात जण. सगळे म्हणायचे आमची भाषा तीच, पण एकाचा प्रोग्रॅम दुसऱ्याच्या मशीनवर धड चालेल तर शपथ. म्हणून मानक काढायचं ठरलं. जिथे सातांचं पटलं तिथे लिहिलं. जिथे भांडण झालं तिथे गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. या लूपचं, म्हणजे तेच काम ठरलेल्या वेळा परत परत करायला लावणाऱ्या ओळींचं, तसंच. किती वेळा तो आकडाच शून्य असेल तर काय करायचं, हे कोणी लिहिलंच नाही. मशीनं मात्र आधी काम करायची आणि संपलं का ते नंतर बघायची. त्यामुळे एकदा तरी व्हायचंच.

पुतणी : आणि दुसऱ्या मानकात तुम्ही ते सरळ केलंत. शून्य म्हणजे शून्य.

काका : योग्यच होतं ते. आजही आहे. घरात पाहुणा नाही आणि तू चहा ओतून ठेवलास, याला काय अर्थ?

पुतणी : बाबांच्या बॉयलरला अर्थ होता.

काका : वहिनीने पाठवलं तुला?

पुतणी : आईला यातलं काही माहीत नाही. तिला एकच माहीत आहे. बॉयलर फुटला त्या सकाळी ती बाबांशी भांडली, ते न बोलता घरातून गेले, आणि तिच्या बोलण्यामुळे त्यांचं कामावरचं लक्ष उडालं. बेचाळीस वर्षं हेच धरून बसलीये. त्यानंतर तिने कोणावर आवाज चढवलेला नाही. मी शाळेतून पळून आले होते तेव्हासुद्धा नाही. मला वाटायचं, हिला राग येतच नाही.

काका : ती मला कधी बोलली नाही हे.

पुतणी : तुम्हाला कशाला बोलेल? घर बदलतोय म्हणून मी तिचं कपाट आवरत होते. साड्यांच्या खाली बाबांची प्रत सापडली, दुसऱ्या मानकाची. कागद गिरणीतून त्यांचं सामान आलं तेव्हापासून तशीच बांधलेली. हे पान बघा.

काका : लाल पेन्सिल. दादा लालच वापरायचा.

पुतणी : सतराच्या सतरा नोंदींवर खूण आहे. प्रत्येकीशेजारी कुठल्या प्रोग्रॅमात काय दुरुस्त केलं तेही. चौकशीच्या अहवालातलं वाक्य मला पाठ आहे. "पाळीप्रमुखाने नव्या मानकातील बदल न तपासता काम सुरू केले." न तपासता, काका. त्यांनी ओळ न् ओळ तपासली होती. जी छापलीच नाही ती कशी तपासणार?

काका : पाणी दे जरा.

पुतणी : घ्या. मी जे समजतेय ते बरोबर आहे का सांगा. पाळी सुरू होताना मशीन त्या दिवशी किती झडपा तपासायच्या तो आकडा काढायचं. झडपांच्या तक्त्यात मुख्य झडप बाबांनी पहिल्या जागेवर ठेवली होती. आकडा शून्य आला तरी लूप एकदा फिरायचाच, म्हणून मुख्य झडप रोज तपासली जायची. मग नव्या मानकाप्रमाणे प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर आला. त्या सोमवारी आकडा शून्य निघाला. लूप फिरलाच नाही. कागदावर मात्र छापून आलं, तपासणी पूर्ण. झडप आत अडकलेली होती. बाबांनी बॉयलर पेटवला.

काका : बरोबर आहे. आणि त्याला बदल होणार हे ठाऊक होतं, हे तुझं राहिलं.

पुतणी : ठाऊक होतं?

काका : मसुदा तयार झाला की तो सगळ्यांसाठी खुला ठेवतात, सूचना मागवतात. एकेचाळिसावं पत्र दादाचं होतं. "शून्य करा, हरकत नाही. पण मागच्या यादीत ठळक लिहा. आम्ही कारखान्यातली माणसं यादीवर चालतो." त्याच्या पत्रामुळेच ती अठरावी नोंद झाली. मीच त्याला उत्तर पाठवलं, सूचना स्वीकारली म्हणून. जावक क्रमांक टाकून. एका गावात राहत होतो, तरी पोस्टाने.

पुतणी : मग पुस्तक हातात आल्यावर त्यांनी यादी बघितली. त्यात ती नोंद नाही.

काका : म्हणजे समितीने बदल मागे घेतला, जुनं तेच चालू, असं त्याने धरलं. कोणीही धरलं असतं. आणि यादी धाकट्या भावाने केलेली. गिरणीत दहा जणांना दाखवली असेल त्याने.

पुतणी : तुम्ही का खोडली, हे अजून सांगितलं नाहीत.

काका : परिशिष्टाचा एक नियम होता. पहिल्या मानकात जे लिहिलंय आणि दुसऱ्यात बदललंय, तेवढंच यादीत. पहिल्यात या लूपबद्दल अक्षर नाही. मग जे कधी लिहिलंच नव्हतं, ते बदललं असं कसं म्हणायचं? त्याच्यावर जो विसंबला त्याचा प्रोग्रॅम मुळातच नियमाबाहेर. छापखान्यात शेवटचं वाचन करत होतो. सतरा नोंदी नियमात बसत होत्या, ही बसत नव्हती. नियमावर बोट ठेवलं आणि मारली रेघ.

पुतणी : नियम कोणाचा?

काका : माझाच.

पुतणी : एवढंच कारण?

काका : तुझी आजीसुद्धा असंच विचारायची. "एवढंच का रे?" नाही, एवढंच नाही. आदल्या दिवशी अध्यक्ष सहज म्हणाले, ही तुमच्या भावाची ओळ ना? हसत म्हणाले. मी तेहतीस वर्षांचा, समितीत सगळ्यात लहान. मला ते झोंबलं. याने भावासाठी एक ओळ वाढवली, असं कोणी म्हणू नये. नियम तर हाताशी होताच. माणसाला नको ते करायचं असलं की नियम नेमका हाताशी असतो.

पुतणी : मग निदान बाबांना सांगायचं. तोंडी.

काका : रेघ मारली त्याच आठवड्यात रविवारी आला होता की घरी. तुला खांद्यावर बसवून. पत्ते खेळलो. दोन डाव हरला आणि चिडला. जगातलं सगळं बोललो आम्ही. हे राहिलं.

पुतणी : राहिलं म्हणजे?

काका : विसरलो गं. दोन ओळींचं काम, डोक्यातून गेलं. मुद्दाम लपवलं असतं तर बरं झालं असतं. स्वतःला शिव्या द्यायला काही आधार तरी मिळाला असता.

पुतणी : आणि चौकशीत?

काका : चौकशीवाल्यांनी समितीला पत्र लिहून विचारलं, या प्रोग्रॅमला मानकाचा आधार होता का? सचिव म्हणून मी उत्तर दिलं. "सदर प्रोग्रॅम पहिल्या मानकास धरून नव्हता." त्यात एक अक्षर खोटं नाही. कितीदा वाचलंय मी ते. एक अक्षर खोटं नाही.

पुतणी : तुमच्या त्या एका वाक्यावर दोष बाबांवर गेला.

काका : हो.

पुतणी : मला आत्ता इथून उठून जावंसं वाटतंय, काका.

काका : जा. मी अडवणार नाही.

पुतणी : नाही जात. अजून एक विचारायचंय. तिसऱ्या मानकाची इतिवृत्तं वाचली मी, नऊ वर्षांची. सभासद अकरा. मतं दर वेळी बारा. विरोधात एक हात जास्त. अध्यक्षांनी प्रत्येक ठिकाणी आकडा दुरुस्त करून सही केलीये. अजूनही हसतात तिथे, आपल्या सचिवांना बेरीज यायची नाही म्हणून.

काका : बेरीज येत होती.

पुतणी : मग?

काका : सभागृहात मागच्या भिंतीला चार-पाच जादा खुर्च्या असायच्या. दादा गेल्यानंतरची पहिली सभा. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? मी मोजायला मान वर केली. शेवटच्या खुर्चीत दादा. गिरणीतले कपडे, बाहीवर काजळी. हात वर. शाळेत करायचा तसा, कोपराला दुसऱ्या हाताचा टेकू देऊन.

पुतणी : काका.

काका : वेडा झालो नव्हतो. इतरांना तो दिसत नाही हे मला कळत होतं. पण हात मोजणं हे माझं काम. वर झालेला हात मोजायचा नाही, हे मी एकदा करून बसलो होतो. पुन्हा कसं करणार? दिसला तसा लिहिला.

पुतणी : नऊ वर्षं?

काका : प्रत्येक सभेला. बोलायचा नाही. माझ्याकडे बघायचाही नाही, समोरच्या फळ्याकडे बघायचा. फक्त हरकतीच्या वेळी हात. मग मी तो नियमच बदलून घेतला. लिहिलेलं, न लिहिलेलं, लोक नुसत्या सवयीने ज्याच्यावर टेकून उभे आहेत ते सगळं यादीत आलं पाहिजे. तिसऱ्या मानकाचं परिशिष्ट बावन्न पानांचं झालं.

पुतणी : त्याला आम्ही अजून भित्र्याचं परिशिष्ट म्हणतो. मीसुद्धा म्हटलंय.

काका : बरोबरच आहे नाव.

पुतणी : भीती वाटायची तुम्हाला, ते दिसले की?

काका : पहिल्यांदा घाम फुटला. नंतर वाट बघायचो. सभा पुढे ढकलली की चैन पडायचं नाही. परिशिष्ट मंजूर झालं त्या दिवशी वाटलं, आज तरी हात खाली असेल. तेव्हाही वर होता.

पुतणी : का?

काका : त्याला बावन्न पानं नको होती. त्याला काय हवं होतं ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या घरी यायचो, तुझी फी, तुझे कपडे, वहिनीची औषधं, सगळं बघायचो. ती मला म्हणायची, भाऊजी, तुमच्यासारखा माणूस नाही. मी मान खाली घालून जेवायचो.

पुतणी : मग आता सांगा तिला.

काका : मी लिहून देतो. समितीला, गिरणीला, ज्याला हवं त्याला. सहीनिशी.

पुतणी : ते द्याच. अहवाल दुरुस्त होईपर्यंत मी कोणाला स्वस्थ बसू देणार नाही. पण आईला कागद नको. तिला तुमच्या तोंडून हवं.

काका : मोडून पडेल ती. या वयात दिरावरचा विश्वासही गेला, तर राहिलं काय तिच्याकडे?

पुतणी : तिचं तुम्ही ठरवू नका. मागे एकदा चौकशीला उत्तर देताना बाबांचं ठरवलंत ना.

काका : उद्या येतो. समोर बसून बोलतो.

पुतणी : उद्या तुम्ही विसराल.

काका : हे बोललीस ते योग्यच बोललीस. लाव फोन.

(ती फोन लावते, स्पीकर सुरू करून टेबलावर ठेवते. काका उठून उभे राहतात.)

आई : हं, बोल गं. निघालीस का तिथून? कुलपाची किल्ली तुझ्याकडेच गेलीये.

काका : वहिनी, मी बोलतोय.

आई : भाऊजी? बरं आहे ना सगळं? आवाज असा का येतोय?

काका : बरं आहे. वहिनी, दादाबद्दल सांगायचंय. त्या सोमवारचं. चूक त्याची नव्हती. भाषेत एक बदल झाला होता, तो पुस्तकात लिहायला हवा होता. लिहिलेला होता. मी खोडला. त्याला सांगायचं मी विसरलो. आणि चौकशीत विचारलं तेव्हा हे न सांगता दोष त्याच्यावर जाऊ दिला. तुमच्या घरी बेचाळीस वर्षं येतोय, पण हे बोललो नाही.

आई : तुम्ही खोडला.

काका : मी, वहिनी.

आई : थांबा. मला एक सांगा आधी. त्या सकाळी यांचं लक्ष होतं का कामावर?

काका : होतं.

आई : मला बरं वाटावं म्हणून म्हणू नका.

काका : पूर्ण लक्ष होतं त्याचं. त्याने सगळं वाचलं होतं, सगळं तपासलं होतं. त्या दिवशी घरात कोणी काहीही बोललं असतं, तरी तेच झालं असतं.

पुतणी : आई, खरं आहे. मी कागद बघितलेत.

काका : वहिनी? ऐकताय ना?

आई : ऐकतेय. तुम्हाला काय म्हणायचं ते मला आत्ता सुचत नाही, भाऊजी. ते नंतर बघू. मी उभी आहे केव्हाची, जरा बसते. मग पहिल्यापासून सांगा.