नकाशातली एकतीस घरं

नकाशाशास्त्र विभागातल्या सरांच्या दारासमोर आपल्या नंबरची वाट पाहणारी एक विद्यार्थिनी बाकावर बसली होती. शेजारच्या मावशी-भाचीचं बोलणं ऐकता ऐकता ती आपले कागद लावायचं विसरूनच गेली.

"एम.एस्सी.चं सगळं झालं म्हणाली होतीस ना?"

"झालंय. प्रकल्पावर सरांची एक सही राहिलीय. नकाशातली एकतीस घरं काढ, मग सही, म्हणतात."

"का गं?"

"उपग्रहाच्या चित्रात दिसत नाहीत म्हणे. दिसतील कशी? वर दाट झाडी आहे! मावशी, मी एकेका दारात उभी राहून मोजणी केलीय."

"काढून टाक बाई. दोन वर्षं घासलीस. एवढ्यासाठी पदवी घालवतेस?"

"हा नकाशा धरणाच्या कार्यालयात जाणार आहे. नकाशात घर नसलं, तर पाणी चढण्याआधी त्या माणसांना साधी नोटीससुद्धा मिळणार नाही."

"आणि हे सर तिथे गेले होते?"

"सरांनी खुर्ची सोडली तर ना!"

"मग बसलीस काय? ऊठ!"

दार ढकललं ते मावशीनंच. आतून भाचीचा चढलेला आवाज आला.

"सर, कुठलं घर काढू? तुम्ही बोट ठेवा, मी तिथल्या माणसांची नावं सांगते."

"तुला पदवी हवीय ना?"

"हवीय. या घरांसकट."